मास्तरांचं इंजिन

“आगं, कळलं का? मास्तरच्या नावानं कुणीतरी सोसायटीकडं तक्रार घातली. आवाजाची!”

काकूंनी कुंपणावर कोपर टेकवलं की पुढचा अर्धा तास गेला, हे मी आता धरूनच चालते. कोलंबस शहराबाहेरची, ओहायोतली ही आमची वस्ती. माझं, काकूंच्या मुलाचं आणि मास्तरांचं अशी तीन परसं एका कोपऱ्यात येऊन भेटतात. मध्ये छातीइतकं लाकडी कुंपण आहे, पण ते कुत्र्यांसाठी. बातम्यांना त्याची अडचण नाही. काकू आणि आप्पा कोल्हापूरचे. उद्यमनगरात त्यांचं बोअरिंग-होनिंगचं वर्कशॉप आहे, आता धाकटा मुलगा बघतो, आणि हे दोघं थोरल्याकडं सहा महिन्यांसाठी आलेत. मास्तर म्हणजे मागच्या घरातले गोरे आजोबा. शाळेत केमिस्ट्री शिकवायचे, आता रिटायर झालेत. त्यांचं खरं नाव काकूंच्या जिभेवर बसेना, म्हणून मास्तर. आता मीही मास्तरच म्हणते.

“कुणी घातली तक्रार?”

“मला काय ठाऊक! पण त्या कडेच्या घरातली, कुत्र्याला स्वेटर घालती ती, तिच्यावर माझा दाट वहीम आहे.”

“पण इंजिन अजून सुरूच कुठं झालंय?”

“परवा झालं की! तू कानात ती बोंडं घालून मीटिंगात, तुला कुठलं ऐकू जायला. आणि आवाज म्हणशील तर आमच्या गल्लीत सकाळी आठाला असतो त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. हिथं पानं उडवायचं यंत्र दिवसभर किंचाळलेलं चालतं. इंजिन तेवढं चालत नाही.” काकू जरा पुढं वाकल्या. “आणि ऐक, खरी गंमत वेगळीच. ह्यांनी सूनबाईचा पंखा नेला. बेडरूममधला, उभा. एक तो आणि एक मास्तरचा, असे दोन्ही बाजूंनी लावले इंजिनाला. ती ऑफिसातनं आली, बघती तर पंखा नाही. मी आपली भाजी निवडत बसले, मान वर केली नाही.”

“इंजिनाला पंखा?”

“पाणी नाही ना त्याला! हवेवरचं आहे ते.”

तर ही सगळी भानगड एका जुन्या बीटल गाडीच्या इंजिनाची आहे. फोक्सवॅगन बीटल, आपल्या सिनेमांतून अधूनमधून दिसते ती गोलमटोल. तिच्या सुट्या भागांवर बांधलेली एकाच माणसाची, उघडी, चारही चाकं बाहेर काढलेली रेसची गाडी म्हणजे फॉर्म्युला व्ही. फ्लोरिडात ह्यूबर्ट ब्रंडेज नावाचा फोक्सवॅगनचा डीलर होता. त्यानं १९५९ च्या सुमारास इटलीतल्या नार्दीकडून असली पहिली गाडी करून आणली. पुढे फ्लोरिडातल्याच दोघांनी ती कल्पना उचलून गाड्या करून विकायला घेतल्या, आणि १९६३ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेसिंगची मोठी संस्था एससीसीए हिनं तिला स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली. नोकरदार माणसाला खिशाला परवडेल अशी रेस, हा मूळ हेतू. इंजिन ११९२ सी.सी.चं, कार्ब्युरेटर एकच आणि तोही बीटलचाच, ब्रेक बीटलचे, पुढची बीम बीटलची. एमर्सन फिट्टीपाल्डी, निकी लाउडा, केके रोझबर्ग हे तिघंही फॉर्म्युला वनचे विश्वविजेते होण्याआधी असल्याच गाड्यांत बसलेले. मास्तर काही त्या वाटेनं निघालेले नाहीत. त्यांना वर्षातून काही शनिवार-रविवार, तासाभरावरच्या मिड-ओहायोच्या ट्रॅकवर, आपल्याच वयाच्या लोकांना मागं टाकायचं असतं. निदान एकाला तरी.

“हवेवरच्या इंजिनाचं मला कौतुक नाही,” काकू म्हणाल्या. “आमच्याकडं चेतक होती. तिच्या फ्लायव्हीललाच पंखा, आणि वरनं पत्र्याचं कव्हर. ती हवा त्या कव्हरातनं बरोब्बर सिलिंडरच्या पात्यांवर नेऊन सोडायची. गल्लीतली पोरं काय करायची, शायनिंग मारायला कव्हर काढून टाकायची. म्हणायची, उघडं असलं की हवा जास्त लागती. आठ दिवसांत इंजिन जाम करून आमच्याच दारात! हे त्यांना बोअर मारून द्यायचे आणि वर कव्हर हातात द्यायचे. म्हणून मी मास्तरला विचारलं, तुमचं कव्हर कुठाय? पंखा कुठाय?”

“तुम्ही विचारलंत? इंग्रजीत?”

“बोटानं दाखवलं. त्याला काय इंग्रजी लागतंय?”

बीटलच्या इंजिनावर मागे उभा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात पट्ट्यावर फिरणारा पंखा. रस्त्यावरच्या गाडीला तो हवाच. सिग्नलला थांबल्यावर दुसरा वारा येणार कुठून? रेसच्या गाडीत पंखा, पत्रा आणि डायनॅमो तिन्ही काढून टाकतात. पंखा फिरवायला ताकद लागते ती इंजिनाचीच, आणि जिथं सगळ्यांना सारखंच मोजून मिळालंय तिथं एकेक अश्वशक्ती जीव की प्राण. मग सिलिंडर उघड्यावर राहतात, आणि शंभर मैलांच्या वेगानं समोरून येणारा वारा पंख्याचं काम करतो. रेस अर्ध्यापाऊण तासाची. पेट्रोल जरासं सढळ सोडायचं, तेही आतून थंडावा देतं. काळजी असते ती सुटायच्या आधी रांगेत उभं राहण्याची. तिथं वारा नाही आणि इंजिन धगधगतंय. गॅरेजात तसंच, म्हणून सूनबाईंचा पंखा.

“मास्तरनं हात हलवून दाखवलं, असा वारा, असा. मला पटलं. पण पोरी, ते इंजिन मी पहिल्यांदा बघितलं ना, टेबलावर सगळं सुटं मांडलेलं, मला आमच्या दुकानातच आल्यासारखं वाटलं बघ. सिलिंडर चारही वेगवेगळे! ब्लॉक असा नाहीच. नळकांड्यासारखा उचलायचा आणि खालच्या केसवर ठेवायचा. आणि ती केस मधनं उभी चिरलेली, दोन फाका. क्रँक आणि कॅम मध्ये ठेवून मिटायची. ह्यांनी पहिल्या दिवशी ती केस उचलली आणि माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. एवढी हलकी! मॅग्नेशियम आहे म्हणे.”

“मग?”

“मग काय, ह्यांची पाचावर धारण. आमच्याकडं एका पोरानं मागं कधीतरी मॅग्नेशियमचा तुकडा लेथवर धरला होता. बारीक बुरा पडला, ठिणगी लागली, पांढराशुभ्र जाळ! आणि एक शहाणा बादली घेऊन धावला. ह्यांनी त्याला तिथंच आडवा केला. मॅग्नेशियमवर पाणी टाकलं की आग आणखी भडकती, त्याला कोरडी वाळू लागती. हिथं आल्यावर ह्यांनी मास्तरच्या गॅरेजात पहिलं काम काय केलं असेल? दोन बादल्या वाळू भरून ठेवली. मास्तर हसला, पण दुसऱ्या दिवशी बादल्यांवर झाकणं आणून ठेवली त्यानं. मनातनं आवडलं त्याला.”

आप्पा मास्तरांकडे कसे पोचले याची कथा आमच्या वस्तीत तीन प्रकारे सांगितली जाते. मला सर्वांत खरी वाटते ती अशी: आल्यापासून आप्पा घरात अवघडलेले होते. मुलगा कामावर, सून कामावर, टीव्हीवर काय बघायचं ते समजेना. एका संध्याकाळी कुंपणापलीकडं कुणीतरी सिलिंडर होन करत होतं. आप्पा ऐकत उभे राहिले, मग काकूंना म्हणाले, “होन लई जोरात वरखाली करतोय. रेघा उभ्या पडणार.” आणि चपला घालून सरळ गेले. बोलाचाली शून्य. आप्पांनी दोन तर्जन्या तिरक्या एकमेकींवर धरून दाखवल्या, की रेघा अशा फुलीसारख्या आडव्यातिडव्या पडायला पाहिजेत, तेल त्यात थांबतं. मास्तरांनी होन त्यांच्या हातात दिलं. त्या दिवसापासून आप्पांचं रात्रीचं जेवण थंडच होत आलंय.

“पण काकू, मास्तरांनी इंजिन मुळात उघडलं का? बिघडलं होतं?”

काकूंचा चेहरा खुलला. याच प्रश्नाची त्या वाट बघत होत्या.

“त्यानं उघडलंच नाही! उघडायला लावलं. मागच्या मोसमात मास्तर एका रेसमध्ये दुसरा आला. तिसरा आला तो पांढऱ्या गाडीवाला. त्याला काही ते सोसलं नाही. त्यानं अर्ज दिला, ह्याच्या इंजिनात गडबड आहे म्हणून. कॅम वेगळा घातलाय, मॅनिफोल्ड वेगळा आहे, असं काय काय. मग तिथले अधिकारी म्हणाले, उघडा.”

“नुसत्या अर्जावर?”

“नुसत्या कसा? पैसे भरावे लागतात की. इंजिन उघडायचा, तपासायचा, परत बांधायचा जो खर्च असेल तो तक्रार करणाऱ्यानं आधी भरायचा. चोरी सापडली तर त्याचे पैसे त्याला परत. नाही सापडली तर ज्याचं इंजिन उघडलं त्याला!”

हे मला फार आवडलं. आपल्याकडं असा नियम असता तर कितीतरी तक्रारी पोटातच राहिल्या असत्या. वस्तीतल्या त्या आवाजाच्या चिठ्ठीपासून सुरुवात करू.

“मग उघडलं. डायल लावून कॅमनं व्हॉल्व किती उचलला ते मोजलं, बोअर मोजला, स्ट्रोक मोजला, व्हॉल्वची डोकी मोजली. सगळं नियमात! बोअर ७७ मिलिमीटर, स्ट्रोक ६४. पांढऱ्या गाडीवाल्याचं तोंड ह्ये एवढं झालं. पैसे मास्तरला. त्या पैशात त्यानं नवे सिलिंडर-पिस्टन आणले आणि म्हणाला, आता उघडलंच आहे तर थंडीभर निवांत नीट बांधू. थंडी संपली, आम्ही आलो, तरी ते टेबलावरच. मास्तर लई चिकट आहे कामाला. पटकन काही करत नाही.”

काकू ‘चिकट’ म्हणाल्या ते कौतुकानंच. कारण या असल्या वर्गात इंजिन बांधणं म्हणजे काही वाढवणं नव्हेच. मोठा पिस्टन घालता येत नाही, दुसरा कार्ब्युरेटर बसवता येत नाही, कॅमला हात लावता येत नाही. मूळ बीटलमध्ये हे इंजिन ३४ अश्वशक्ती द्यायचं, चार हजार फेऱ्यांच्या आतच. रेसवाले त्याच ऐवजातून पन्नास-साठच्या घरात काढतात आणि सहा हजारांच्या वर फिरवतात. कुठून येते ही वाढ? थोडी पंखा काढल्यानं, थोडी मॅनिफोल्डच्या नळीच्या गुपितांतून, आणि बरीचशी चारही सिलिंडर एकमेकांसारखे केल्यानं. कारखान्यात काही ग्रॅमचा, काही थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांचा, फरक चालून जातो. लाखांनी इंजिनं काढायची तर दुसरं काय करणार? मास्तर बसून तो फरक काढतात.

“पिस्टन तोलायला काय घेतलं सांगू?” काकूंनी आवाज उतरवला.

“नका सांगू. सूनबाईंचा केकचा काटा.”

“तुला कसं कळलं?”

“त्यांनीच सांगितलं. त्यावर काळं बोट उमटलंय.”

“आगं, पण चांगला काटा आहे, दशांश ग्रॅमपर्यंत दाखवतो. आमच्याकडं असला नव्हता. चार पिस्टन तोलले, त्यातला सगळ्यात हलका बाजूला काढला, बाकीच्या तिघांना आतनं, पिनच्या खालनं घासून घासून त्याच्यावर आणलं. कनेक्टिंग रॉडचं तर आणखी किचकट. नुसतं वजन सारखं असून भागत नाही. जाड टोक हुकाला टांगायचं, बारीक टोक काट्यावर टेकवायचं आणि बघायचं. मग उलट करायचं. दोन्ही टोकं चारही रॉडची सारखी. ह्यांनी आयुष्यभर पंपाची इंजिनं बांधली, शेतकऱ्याला पाणी पडलं की झालं. असलं काही केलं नव्हतं. तरी बघ, मास्तरपेक्षा हेच जास्त अडून बसायला लागले. रात्री अकरा वाजता म्हणतात, तिसऱ्या रॉडात पाव ग्रॅम राहिलंय.”

तिसऱ्याचं नाव निघालं आणि काकूंना तिसरा सिलिंडर आठवला. बीटलच्या जुन्या इंजिनात तेल गार करायचा कूलर पंख्याच्या डब्यातच, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा केलेला असे. बाकी तिघांना ताजी हवा. तिसऱ्याला मात्र कूलरमधून तापून आलेली, तीही उरलीसुरली.

“तिसरं लेकरू ते! थोरल्याचे कपडे आणि सगळ्यांचं उष्टं.” काकू स्वतः तिसऱ्या, त्यामुळं हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. “मग त्याचाच एक्झॉस्टचा व्हॉल्व जळायचा. कंपनीनं केलं काय, तर कूलर हलवायच्याऐवजी डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्याची ठिणगीच उशिरा पडंल असं करून टाकलं! म्हणजे तेवढं कमी तापंल. आजारी पोराला औषध नको, काम कमी द्या, अशातली गत.”

कंपनीनं पुढे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, कूलर वेगळ्या कप्प्यात हलवला. पण फॉर्म्युला व्हीचं इंजिन त्याच्या आधीचं. इथं पंखाच नसल्यामुळं तिसऱ्यावरचा तो अन्याय संपलेला असतो, पण जुना डिस्ट्रिब्युटर तसाच लावला तर ठिणगी मात्र अजून उशिराच पडत राहते. मास्तरांनी तो खोलून चारही ठिणग्या समान अंतरावर आणल्या. काकूंनी हे दृश्य प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण सांगताना त्यांना इतकं समाधान होत होतं की मी काही बोलले नाही.

“आणि ब्युरेट?” मी मुद्दामच विचारलं. या प्रकरणात काकूंचा स्वतःचा हात आहे, हे वस्तीत पसरलेलं होतं.

“तुला कुणी सांगितलं?” त्या लाजल्या. खरंच लाजल्या. “ह्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, मास्तरचा हात कापतो. मग कुणी धरायचं? मी गेले.”

घडलं ते असं. सिलिंडरच्या डोक्यात स्फोट होतो ती वाटी, म्हणजे ज्वलनकक्ष. पिस्टन वर आल्यावर उरलेली सगळी हवा तिथं दाबली जाते. या वाट्या चारही एकाच आकारमानाच्या हव्यात, नाहीतर एक सिलिंडर जास्त जोर लावतो आणि दुसरा मागं ओढतो. फूटपट्टीनं ते मोजता येत नाही. म्हणून हेड उलटं करून, पाणसळ लावून, अगदी सपाट ठेवायचं. प्लग आणि व्हॉल्व बसवलेले. वाटीच्या तोंडावर ग्रीसचं बारीक रिंगण करून त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दाबायची. पट्टीला एक छोटं भोक. त्या भोकातून ब्युरेटनं, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीनं, थेंब थेंब रंगीत स्पिरिट सोडायचं. वाटी भरत येते तशी हवा आक्रसून शेवटी एक बुडबुडा उरतो, तो भोकाकडे सरकतो, आणि ज्या थेंबाला तो नाहीसा होतो त्या थेंबाला तोटी बंद.

“तो बुडबुडा लई बदमाश,” काकू म्हणाल्या. “गेला गेला म्हणावं तर कडेला दडून बसलेला. मास्तर शाळेतल्यासारखा मागनं सांगतोय, डोळा खाली, डोळा खाली. म्हणजे ब्युरेटमधलं पाणी कडेला वर चढलेलं दिसतं ना, ते नाही वाचायचं, मधला खोलगट भाग वाचायचा. मी म्हटलं, बारावीपर्यंत सायन्स केलंय मी, लग्न झालं म्हणून सुटलं. हे मराठीत बोलले मी. त्याला कळलं असावं. गप्प बसला.”

“आणि माप?”

“चारही दोनदा घेतले. एक जरासा मोठा निघाला. मास्तरकडं जुन्या हेडांचा ढीग आहे, त्यातनं दुसरं काढलं, ते मोजलं, तिसरं काढलं, तेही मोजलं. नियमात बसंल तेवढंच घासायचं, बाकी ढिगातनं निवडून जोडी लावायची. लग्न जमवण्यासारखं…” त्या थांबल्या. “नाही, लग्नाला एवढं मोजत नाहीत.”

केस मिटायच्या दिवशी मीही गेले होते. काकूंच्या आग्रहावरून, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हातची अळूवडी तिथंच येणार होती म्हणून. दोन फाकांच्या मध्ये पॅकिंग नसतं. धातूवर धातू बसतो, मध्ये फक्त लुकणाचा पातळ हात. म्हणजे दोन्ही कडा आरशासारख्या स्वच्छ लागतात. चुकून एखादा केस राहिला तरी तेल तिथून रस्ता काढणार. मेन बेअरिंगच्या खाली केसमध्ये एक छोटी पिन असते, तिच्यावर बेअरिंगचं भोक बरोबर बसलं पाहिजे. बसलं नाही आणि नट आवळले, तर बेअरिंगही गेलं आणि केसही. आप्पांनी आदल्या दिवशी क्रँक न ठेवता नुसतं बेअरिंग पिनवर बसवून, केसच्या कडेशी जुळेल अशी त्यावर पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती. आता क्रँकसकट बसवताना ती रेघ कडेशी आली की पिन लागली. मास्तर जवळ टॉर्च धरून उभे. वरच्या फाकेतले टॅपेट खाली पडू नयेत म्हणून घट्ट ग्रीस लावून चिकटवलेले. फाक खाली आली, आधी मधले मोठे नट आवळले, मग कडेचे छोटे. दर दोन नटांनंतर आप्पा क्रँक हातानं फिरवून बघत. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला. काही अडलं नव्हतं, पण हात थांबला. त्यांनी एक नट सैल केला, परत आवळला, परत फिरवलं, आणि मान डोलावली. काय लागलं होतं हाताला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या दिवशी सूनबाईंची आणखी एक वस्तू कामी आली.

“फ्लायव्हील!” काकूंना हसू आवरेना. “ते सगळं फ्लायव्हील एकाच नटावर. छत्तीसचा नट. त्याला तीस किलोग्रॅम-मीटरचा टॉर्क द्यायचा. मास्तरचा टॉर्क पाना तेवढ्याला पुरेना. हे म्हणाले, मीटरभर पाइप आणा. आणि घरी आले, कपाटावरनं विमानाच्या बॅगा तोलायचा तो हुकाचा काटा काढला. पाइपाच्या टोकाला हुक अडकवला, ओढला, काटा तीसवर आला की बास. एक मीटरवर तीस किलो, झालं की तीस! मास्तर बघतच राहिला.”

त्याआधी क्रँकचा मागंपुढंचा खेळ बघितलेला होता. फ्लायव्हीलच्या मागं तीन पातळ वायसर असतात, त्यांच्या जाडीवर तो खेळ ठरतो, ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर. मास्तर ‘तीन ते पाच थाऊ’ म्हणतात, आप्पाही थाऊच म्हणतात. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही असं सूनबाई अजून समजतात.

मला राहून राहून वाटतं, गाडी चालवणं हे या मंडळींना निमित्त आहे. एससीसीएमध्ये असेही वर्ग आहेत जिथं इंजिन सीलबंद मिळतं. सील तोडलं की बाद. न्याय म्हणून ते सरळ. मी ते काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं.

“मग थंडीभर काय करायचं माणसानं?”

परवा इंजिन सुरू केलं त्याची हकीकत त्यांनी शेवटी सांगितली. आधी प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवलं, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत. या इंजिनात अडीच लिटर तेल, मूळचा फिल्टर नाही, फक्त खाली जाळी. वळणावर तेच तेल एका बाजूच्या टॅपेट कव्हरात जाऊन बसतं, म्हणून दाबावर मास्तरांचा फार डोळा. मग प्लग लावले, दोन्ही पंखे सुरू केले, आणि पहिल्या झटक्याला सुरू.

“हे डोळे मिटून उभे. मास्तर घड्याळ बघतोय, कसला कसला कागद लिहितोय, आणि हे नुसते ऐकतायत. मग म्हणाले, डावीकडचा पुढचा टॅपेट जरा वाजतोय. गार झाल्यावर मास्तरनं फिलर घालून बघितलं. होता की सैल! मास्तरनं कागद टाकला आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. ह्यांना पाठीवर थाप मारलेली आवडत नाही. पण काही बोलले नाहीत.”

“आता रेसला जाणार का तुम्ही?”

“तिकीट आहे त्याच्या आधीचं. ह्यांनी पोराला हळूच विचारलं, पुढं ढकलता येतं का. मला न विचारता! मी म्हटलं, ढकला, पण मी गाडीजवळ उभी राहणार, मांडवात खुर्चीवर नाही. माझं पण थोडं काम आहे त्यात.”

“आणि तो पांढऱ्या गाडीवाला?”

“येणार की. हे तर मास्तरला म्हणतायत, ह्या वर्षी आपण अर्ज टाकू त्याच्यावर. सरळ रस्त्याला गाडी एवढी पळती कशी? त्याचा मॅनिफोल्ड बघू या.”

“मास्तर काय म्हणाले?”

“नको म्हणाला. त्याचं इंजिन नियमात निघालं तर आपले पैसे जातील.”

“आणि नियमात नाही निघालं तर?”

“तर तो बाद होईल, मग मास्तरनं हरवायचं कुणाला?” काकूंनी कोपर काढून घेतलं, पदर सावरला, दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. “बरं झालं आठवलं. तुझ्याकडं बारीक वजनाचा काटा आहे का गं? सूनबाईनं तिचा परत नेला, आणि मास्तरनं जादाच्या पिस्टनचा संच काढलाय आज.”